पोस्टर आधी, भटू नंतर

कळसाडीला बघण्यासारखं काही नाही, असं मला कळसाडीच्याच तीन माणसांनी सांगितलं, आणि तेही पहिला चहा संपायच्या आत. शहादा तालुक्यातलं गाव. कापूस, ऊस, केळी, आणि मे महिन्यात सकाळी नऊलाच माणसाला घरात कोंडणारं ऊन. ज्यांना थंड हवा, धबधबा आणि फोटोला उभं राहायला कडा लागतो, त्यांनी हे वर्णन इथेच मिटावं. मी तिथे गेलो तो एका गायकाला परत आणायला. तो परत आला असं तीन आठवड्यांपूर्वीच जगाला सांगून बसलो होतो, म्हणून जावंच लागलं.

आधी आमची थोर परंपरा सांगतो. पुण्यात आमचा एक बँड आहे, नाव रक्तपिंपळ. आम्ही मेटल वाजवतो. म्हणजे गिटारी कर्कश, ड्रम न थांबणारे, आणि गायकाने गायचं नाही, घशाच्या तळातून डुरकायचं. त्या डुरकण्याला आमच्यात ग्राउल म्हणतात आणि ते जमणाऱ्याला देव मानतात. आमचा देव होता भटू. कळसाडीचा. इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता आणि वसतिगृहाच्या न्हाणीघरात गाताना आम्हाला सापडला. आमच्या पहिल्या अल्बममधला त्याचा ग्राउल ऐकून मेटलमधले जाणकार वेडे झाले. एका विद्वानाला त्यात सातपुड्याचा हजारो वर्षांचा संताप ऐकू आला. कळसाडी सपाटीवर आहे आणि भटूला संताप फक्त मेसच्या भाजीचा यायचा, पण विद्वानांना कोण सांगणार.

दोन वर्षांनी आम्ही त्याला काढलं. आम्ही म्हणजे मीच. 'आपल्या दिशा वेगळ्या होत चालल्यात' असा मेसेज पाठवला. दिशाबिशा काही नव्हत्या. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये तो बोलायला उभा राहिला की 'आते पुढलं गाणं शे' असं म्हणून जायचा आणि पुढची रांग खिदळायची. आम्हीही खिदळायचो, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. मग आम्हाला कोथरूडचा एक गायक मिळाला. त्याचं इंग्रजी फर्डं होतं. त्याने नऊ वर्षं काम चालवलं आणि गेल्या दिवाळीत तो कॅनडाला निघून गेला.

त्याच सुमारास आम्हाला शोध लागला की हल्ली मातीतलं चालतं. मग काय, ज्या बोलीपायी माणूस काढला त्याच अहिराणीत अख्खा अल्बम करायचं ठरलं. नाव 'पुन्हा काळोख'. काळं पोस्टर, त्यावर भटूचा जुना फोटो आणि खाली लाल अक्षरांत 'मूळ आवाज परतला'. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. अभिनंदनं येऊन पडली, लोक रडले म्हणे, आणि चौथ्या दिवशी आमचा ड्रमर ओंकार मला म्हणाला, "भटू काय म्हणाला रे फोनवर?" मी म्हटलं, "फोन तू केलास ना?" झालं. भटूला कोणी विचारलंच नव्हतं.

शहादा

पुणे ते धुळे मी गाळतो, त्यात हायवेशिवाय काही नाही. दोंडाईच्याच्या अलीकडे ओंकारच्या गाडीचा एसी बंद पडला. सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडताना खिडक्या उघडल्या तर आत गरम हवा आली, बंद केल्या तर आमचाच वास आला. तापी मात्र रुंद, भरलेली आणि अगदी शांत होती. आपल्याकडे एवढं पाणी असतं तर आपण त्याच्या काठाला भेळेच्या गाड्या लावल्या असत्या. इथे दोन म्हशी डुंबत होत्या आणि त्यांना आमच्याबद्दल काही कुतूहल नव्हतं.

शहाद्यात शिरल्या शिरल्या रसवंती गाठली. आम्ही दोघंही बँडच्या काळ्या टी-शर्टांत होतो, छातीवर कवटी. रसवंतीवाला ग्लास पुढे करताना तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी आपुलकीने म्हणाला, "हाई मुंडकं कोनं शे भो?" ओंकारने ते प्रतीक आहे, मृत्यूचं, वगैरे समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि बर्फ जास्त घातला.

भटू शहाद्याच्या एका बँड पार्टीत गातो एवढं कळलं होतं. बँड पार्टी म्हणजे लग्नाचा बँड. खानदेशात त्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे लाल कोटातली वाजवणारी माणसं, मागे भोंगे आणि दिवे लावलेली गाडी, आणि त्या गाडीवर माइक घेऊन उभा गायक. पार्टीचे मालक आप्पा दुकानाबाहेर खाटेवर बसून लाल कोटांना बटणं लावत होते. साठीचा माणूस, आवाज मऊ, नजर मात्र तहसीलदाराची.

"बठा. तुम्हना बी बँड शे का?" त्यांनी विचारलं. "कितला माणसं?"

"चार," मी म्हटलं.

"चार माणसंमा वरात कशी निंघस?"

आम्ही वरातीत वाजवत नाही, असं मी सांगितलं. त्यांना माझं वाईट वाटलं असावं, त्यांनी लगेच चहा मागवला. मग मी मुद्द्यावर आलो: भटू दोन-तीन दिवस रेकॉर्डिंगला हवाय. आप्पांनी सुईत दोरा ओवला आणि मला त्यांच्या धंद्याची रीत ऐकवली. उद्या कळसाडीतच लग्न आहे, ते भटूला सुटणार नाही, सुपारी घेतलेली आहे. पुढचे दोन दिवस लग्न नाही पण सराव असतो. त्या सरावातून तो सुटेल, मात्र पार्टीतला माणूस न्यायचा असेल तर पार्टीला माणूस द्यावा लागतो. उद्याच्या वरातीला त्यांचा झांजवाला आजारी होता.

"माणूस लई जाना व्हई तर माणूस दी जा," आप्पा म्हणाले. माझा हात खिशाकडे जाताना बघून त्यांनी मान हलवली. "पैसा झांज वाजाडस का?"

मी वीस वर्षं गिटार वाजवतोय. दोन पितळी थाळ्या एकमेकींवर आपटायला काय लागतं, असं मनात म्हणून मी हो म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासारख्यांना बघूनच केली असणार.

कळसाडी

भटू ओट्यावर बसून उसाच्या पाण्याचा पाइप दुरुस्त करत होता. जाड झालाय, कानाजवळ पांढरे केस. आम्हाला बघून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "या, बसा. प्रवास कसा झाला? काही त्रास तर झाला नाही ना?"

अख्ख्या कॉलेजात मी त्याच्या तोंडून असं मराठी ऐकलं नव्हतं. एक एक शब्द इस्त्री केलेला. शाळेत साहेब तपासणीला आले की गुरुजी बोलतात तसं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोस्टर त्याने पाहिलं होतं. "म्हणजे माझ्या बायकोने पाहिलं," तो म्हणाला. "तिने विचारलं, तुम्ही परत चाललात आणि मला सांगितलं नाही? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, मलाही कोणी सांगितलं नाही."

हिरावहिनी दारात उभ्या होत्या. "बॅग बी काढी ठेयेल व्हती मी त्यास्नी," त्या म्हणाल्या. "जावा म्हनं."

ओंकार हसला. मी हसलो नाही, कारण त्यात हसण्यासारखं मला काही दिसेना. भटूला मी आडपडदा न ठेवता सांगितलं की पोस्टर मागे घेतलं तर बँड संपला, आणि तो गायला तर आम्ही वाचलो. तो पाइपकडे बघत म्हणाला, "आप्पांना विचारलं ना? मग परवा बघू." पुढे विषय नाही.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, तिखटजाळ शेवभाजी आणि आमरस होता. आपल्याकडे आमरस वाटीत, तोही मोजून. इथे ताटाला काठ असल्यामुळेच तो थांबतो. शेवभाजीच्या दुसऱ्या घासाला ओंकारच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने तो भावनेचा भाग आहे असं भासवलं.

जेवण झाल्यावर मी माझी अहिराणी गाणी काढली. इंटरनेटवरून शब्द वेचून महिनाभर खपून लिहिली होती: मन्हं रगत, तुन्हं रगत, काळी रात शे. मोठ्याने वाचून दाखवलं. हिरावहिनींनी पहिल्या ओळीला पदर तोंडाला लावला, तिसऱ्या ओळीला त्या भिंतीला टेकल्या, आणि पाचव्या ओळीला त्यांना ठसका लागून भटूला पाणी आणावं लागलं.

"भाऊ, राग मानू नका," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "असं आम्हनाकडे कोनी बोलस नही. नाटकमा बी नही."

माझे कान तापले. भरल्या पोटी, भर दुपारी, पाहुणा म्हणून आलेल्या घरात मला रडू यायचं बाकी होतं. मी कागद घडी करून ठेवला आणि रात काळी नसते तर काय हिरवी असते, असं काहीतरी फुसकं बोललो. भटू मात्र हसला नव्हता. माझ्याकडे जरा वेळ बघून त्याने कागद मागून घेतला आणि म्हणाला, "ठेवा इथे. ही नीट करेल."

वरात

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला मी लाल कोट घालून उभा होतो. कोट आजारी झांजवाल्याचा, म्हणजे माझ्यासारखे दोन मावतील असा. ओंकारही आला होता. ड्रमच्या पेडलवरच्या त्याच्या पायांच्या वेगाच्या पुण्यात लोक शपथा घेतात. आप्पांनी त्याला गळ्यात अडकवायचा ढोल दिला आणि चालायला सांगितलं. चालता चालता वाजवायचं असतं हे त्या बिचाऱ्याला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. वाजवू लागला की पाय थांबायचे, पाय निघाले की हात. मागची गाडी दोनदा त्याच्या टाचेला लागली.

मी त्याहून थोर. झांजेत ताल चुकला तर लपायला जागा नसते. मंचावर आमच्या आवाजात चूक कोणाला कळत नाही, तो आमच्या संगीताचा मोठाच गुण आहे. इथे मी चुकलो की नवरदेवाच्या मामांचा पाय हवेत राहायचा आणि ते वळून माझ्याकडे बघायचे. आप्पा शेजारून चालत होते. "हात नही, नाचनारास्ना पाय देख," ते म्हणाले. "त्या पडतीन तव्हय वाजाड." हे मला वीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. मी पाय बघायला लागलो आणि पुढच्या वळणापर्यंत बरा वाजवला.

आणि वर गाडीवर भटू गात होता. डुरकत नव्हता, गात होता. उघडा, खडा आवाज, शब्दन् शब्द स्वच्छ. तो दोन गाण्यांच्या मध्ये बोलायचा, नवरीच्या बापाची खेचायचा, वऱ्हाडाला अहिराणीत दटावायचा, आणि लोक हसायचे. पण ते त्याच्या बरोबर हसत होते. दारादारांत उभ्या म्हाताऱ्या ओळी पुटपुटत होत्या. मी त्याच्याबरोबर दोन वर्षं वाजवलं होतं, एका खोलीत झोपलो होतो, आणि त्याचा आवाज मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. मला लाज वाटली. तेवढ्यात ताल चुकला आणि मामा पुन्हा वळले.

पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. बट्टी हाताने कुस्करायची, त्यावर वरण, त्यावर तूप. पुण्याच्या लग्नात आपण ताट घेऊन रांगेत उभे राहतो आणि पनीर संपलं का ते पुढच्याला विचारतो. इथे वाढणारा माणूस समोर उभा राहून तुमच्या नाहीला नाही म्हणतो. मी सहा बट्ट्या खाल्ल्या. आप्पांनी मला लांबून पाहिलं आणि "खावामा ताल बरोबर शे," एवढीच दाद दिली.

केळीचं गोदाम

रेकॉर्डिंगसाठी भटूने त्याच्या चुलतभावाचं केळी पिकवायचं बंद पडलेलं गोदाम उघडून दिलं. थंडावा टिकावा म्हणून त्याच्या भिंती जाड फोमच्या असतात. आत टाळी वाजवली तरी प्रतिध्वनी नाही. पुण्यात असल्या खोलीसाठी लोक कर्ज काढतात. फक्त आता थंडावा नव्हता आणि पिकल्या केळ्यांचा वास होता. दार लावलं की दहा मिनिटांत माणूसही पिकेल अशी परिस्थिती.

हिरावहिनींनी माझं गाणं नीट केलं होतं, म्हणजे 'काळी रात' एवढंच ठेवून बाकी सगळं खोडलं होतं. त्यांच्या गाण्यात एक माणूस रात्री शेतात पंपाची लाइट येण्याची वाट बघत बसलाय. लाइट येत नाही, उसात काहीतरी सरपटतंय, आणि घरी बायको जागी आहे. रक्त कुठेच नव्हतं. वाचून माझ्या अंगावर काटा आला.

भटू माइकसमोर उभा राहिला आणि कालच्यासारखाच गायला. उघड्या आवाजात. ओंकारने माझ्याकडे पाहिलं, मी ओंकारकडे. गाणं संपलं. छान होतं, फार छान होतं, पण पोस्टरवर आम्ही मूळ आवाज लिहिला होता आणि लोक ग्राउलसाठी खोळंबले होते.

"भटू, मस्त," मी म्हटलं. "आता एकदा तुझ्या जुन्या आवाजात घेऊ या का? तो मूळचा."

तो पाणी प्यायला. मग काही न बोलता माइकजवळ सरकला आणि घशाच्या तळातून असा डुरकला की ओंकारच्या हातातली पाण्याची बाटली पडली. नऊ वर्षांत त्यातलं काही कमी झालं नव्हतं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. हेच हवं होतं. बँड वाचला, पोस्टर वाचलं.

"हाई जोईये तुले?" भटू म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी त्याच्या बोलीत बोलला.

"हेच," मी म्हटलं. "हा तुझा खरा आवाज आहे यार. असा कोणाकडे नाही."

तो जरा हसला आणि बाजूच्या केळीच्या क्रेटवर बसला. "खरा? तुले माहीत शे का, मी असा कसाले गाये?"

मी लॅपटॉपवरून मान वर केली.

"पहिला महिनामा मी साधा गायनू. तुम्ही सगळा हासनात. तू तर खाली बठीसन हासना. मंग मी देखं, डुरकी डुरकी गावं तर शब्दच समजतस नहीत." त्याने खांदे उडवले. "शब्दच समजनार नहीत, मंग हसशात कशावर?"

गोदामात खरंच प्रतिध्वनी नव्हता. ओंकारने मान खाली घातली. मला वसतिगृहाची ती खोली आठवली. मी खरंच जमिनीवर बसून हसलो होतो, पोट धरून. एका शब्दावर. कोणता शब्द तेही आता आठवत नाही. त्या हसण्यातून आवाज निघाला, त्या आवाजावर आम्ही नाव कमावलं, विद्वानांनी लेख लिहिले, आणि मी परवापर्यंत मुलाखतींमध्ये सांगत फिरत होतो की भटूला मी घडवलं.

"भटू, चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हाही, आणि मेसेज पाठवला तेव्हाही. आणि आता पुन्हा तेच मागायला एवढ्या लांब आलो."

"माहीत शे," तो म्हणाला. "पण आते तू सांग. दोन्ही शेतस त्या मशीनमा. तुले कोणता ठेवना शे, ठेव. मी काही म्हणनार नही."

ते त्याने खरंच मनापासून म्हटलं होतं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. मी लॅपटॉपवर डुरकणं शोधलं आणि पुसून टाकलं. ओंकार म्हणाला, "अरे, लोक शिव्या घालतील." मी म्हटलं, घालू देत. मग भटूला गाणं पहिल्यापासून म्हणायला सांगितलं, आणि ते दोन दिवस आम्ही त्या भट्टीत सगळा अल्बम त्याच्या उघड्या आवाजात उतरवला. मध्ये मध्ये वहिनी ताक घेऊन यायच्या, दारातून एक कडवं ऐकायच्या आणि माझ्या गिटारचा आवाज कमी करायला सांगायच्या. मी केला.

अल्बम आला त्याला आता महिना झाला. लोकांनी शिव्या घातल्याच. जाणकारांच्या मते रक्तपिंपळ मऊ पडला आहे. कळसाडीत तो तीन लग्नांत वाजला असं भटूने फोनवर सांगितलं, नवरदेव नाचला म्हणे. काल एका जुन्या चाहत्याने अल्बमखाली लिहिलं, 'फसवणूक आहे ही. मूळ गायक परत आला म्हणालात, मग तो आवाज कुठे गेला?' दुपारभर मी उत्तरं लिहिली आणि खोडली. शेवटी एवढंच पाठवलं: मूळ गायक हाच आहे. तुम्हाला आवडायचा तो आम्ही हसून हसून तयार केला होता.